ऑडूननं तळं सोडलं त्याची गोष्ट

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा ग्रोडालच्या डोंगराला दार होतं. गावातले पुरुष रोज सकाळी हातात दिवा घेऊन त्या दारातून आत जायचे आणि संध्याकाळी काळी तोंडं घेऊन बाहेर यायचे. आता ते दार बुजलंय, त्याच्यावर शेवाळ चढलंय. पण गोष्ट काही बुजली नाही.

ग्रोडाल कुठे म्हणाल, तर पार उत्तरेला, नॉर्वे देशात. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळायचं विसरतो आणि हिवाळ्यात उगवायचा कंटाळा करतो. दोन्हीकडे उंच डोंगर, मधे दरी, दरीच्या उतारावर गाव. आणि गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर कुणी काठोकाठ परात भरून ठेवावी, तसं एक मोठं तळं. नांगर चालवावा अशी जमीन म्हणाल, तर मुळीच नाही. सगळा चढ आणि सगळा दगड. पण डोंगराच्या पोटात तांबं होतं. तांबं खाली समुद्राकडे जायचं, तिकडून धान्य वर यायचं, आणि त्यावर गाव जगायचं.

पण एके काळी खाणीत पाणी शिरायला लागलं. आज घोट्याएवढं, उद्या गुडघ्याएवढं. माणसं बादल्यांनी उपसून थकली. मग खाणीच्या मालकांनी शहरातून एक माणूस पाठवला. खाणविद्या शिकलेला, राजाच्या शिक्क्याचा अभियंता. त्याचं नाव ऑडून हेलेस्टाड.

असं म्हणतात की ऑडूनची आई गोठलेलं तळं ओलांडत होती, तेव्हा बर्फावरच तो जन्मला. माणसाच्या कानात पहिला आवाज आईचा पडतो. ऑडूनच्या कानात पडला तो बर्फाखालच्या पाण्याचा. तेव्हापासून त्याला दगडातलं पाणी ऐकू यायचं. कुठे ते थेंब थेंब गळतंय, कुठे झुळझुळ वाहतंय, कुठे कोंडून पडलंय, हे तो दगडाला कान लावून सांगायचा. पुढे जर्मन मुलुखात जाऊन तो मोजमाप शिकला, यंत्रं शिकला, सुरुंग शिकला. पण कान तो घरूनच घेऊन गेला होता.

ग्रोडालला आला त्या दिवशी त्यानं सामानाची पेटी उघडलीसुद्धा नाही. तडक खाणीत गेला, नवाकोरा कोट घातलेलाच चिखलात आडवा झाला आणि खडकाला कान लावून पडून राहिला. खाणकामगार एकमेकांकडे बघायला लागले. त्यांचा मुकादम होता अस्लाक, दारातून वाकून जावं लागणारा उंच गडी. तो म्हणाला, "साहेब, बरं वाटत नाही का?"

ऑडून म्हणाला, "हळू बोला. ते ऐकेल."

"कोण?"

"पाणी. इथून खाली जायला वाट शोधतंय बिचारं. आपण देऊ या त्याला वाट."

त्यानं दाखवलं तिथे खोदायला सुरुवात झाली. त्या काळी खडक फोडायची रीत अशी, की खडकाला लाकडं लावून मोठा जाळ करायचा. खडक तापून तडकला की पहारीनं सोलून काढायचा. धुरानं डोळे गेले, हात भाजले, पण निचऱ्याचा बोगदा पुढे पुढे सरकत राहिला. आणि एके दिवशी शेवटचा थर निघाला, आणि खाणीत कोंडलेलं पाणी बोगद्यातून नाचत बाहेर पडलं. असं म्हणतात की ते वाटेत ऑडूनच्या पायांपाशी थांबलं, एक वळसा घातला आणि मग पुढे गेलं.

त्या दिवसापासून ऑडून गावाचा झाला.

मग त्यानं चाक बांधलं. तांबं खोल खोल जात होतं आणि खोलातलं पाणी बोगद्यापर्यंत वर आणायला जोर हवा होता. ऑडूननं तळ्याला बांध घातला, तळ्याचं पाणी पन्हळीतून खाली आणलं आणि त्यावर फिरणारं एक लाकडी चाक उभं केलं. देवळाच्या मनोऱ्याएवढं उंच! ते चाक पंप ओढायचं, खनिज वर खेचायचं, भट्टीचे भाते हलवायचं. गावानं त्याचं नाव ठेवलं थोरली. थोरली रात्रंदिवस फिरायची. तिचा घुमारा साऱ्या दरीत भरून राहायचा, इतका की पुढे पुढे तो कुणाला ऐकू येईनासा झाला. ग्रोडालची बाळं त्या आवाजात जन्मली आणि त्याच आवाजात झोपायला शिकली.

ऑडूननं आपलं घर बांधलं ते बांधाला लागून, थोरलीच्या शेजारी. लग्न केलं नाही. लोक थट्टा करायचे, "साहेबांचं लग्न झालंय की! बायको जरा जाडजूड आहे, एवढंच." त्यावर ऑडून खुशीत हसायचा. संध्याकाळी चाकाजवळ उभा राहून तिच्याकडे बघायचा. त्या बघण्यात प्रेम होतं आणि थोडा गर्वही होता. गर्व कुणाला नसतो? पण पाण्याशेजारी राहणाऱ्यानं तो जपून करावा.

वर्षं गेली. तांब्याची शीर डोंगरात वळत वळत तळ्याच्या खाली शिरली. ऑडूननं मोजलं आणि म्हणाला, वर खडक पुष्कळ जाड आहे, जा पुढे. त्याचं मोजमाप चुकीचं नव्हतं. पण एकदा तळ्याखालच्या त्या बोगद्यात त्यानं भिंतीला कान लावला, तेव्हा त्याला काहीतरी ऐकू आलं. अगदी बारीक, कुणी दाताखाली वाळू चावावी तसं. तो थबकला. पुन्हा कान लावला, तर थोरलीचा घुमारा तेवढा ऐकू आला. तो मनाशी म्हणाला, "चाकाचाच आवाज असणार." आणि बाहेर आला.

शरद संपत आला होता, तळ्याच्या कडेला पातळ बर्फ धरायला लागला होता, तेव्हा एका सकाळी तळ्याच्या मधोमध भोवरा उठला. काठावर धुणं धूत असलेल्या बायकांनी तो पाहिला. आणि त्याच क्षणी डोंगराच्या दारातून वारा सुटला, दिवे विझवणारा, टोप्या उडवणारा वारा. वाऱ्यामागून माणसं आली धावत, आणि माणसांमागून पाणी.

जे दाराजवळ होते ते वाचले. जे खोलात होते ते बाहेर आले नाहीत. अस्लाक दारापर्यंत आला होता. त्यानं मागे पाहिलं, आपली माणसं कमी दिसली, आणि तो उलटा आत गेला. त्याच्या मागे पाणी छताला टेकलं.

सगळं गाव दाराशी जमलं. अस्लाकची बायको रागनफ्रिड खनिज निवडायच्या कामावर होती. ती तशीच, हाताला दगडाची भुकटी लागलेली, धावत आली. ऑडून पाण्यात कमरेपर्यंत उभा होता. ती म्हणाली, "साहेब, तुम्हाला दगडातलं ऐकू येतं ना? मग ऐका. माझा माणूस जिवंत आहे का सांगा."

ऑडूननं डोंगराला कान लावला. त्याला फक्त थोरली ऐकू आली.

तेव्हा तो पाण्यातून बाहेर आला आणि ओरडला, "चाक थांबवा!"

थोरली कधी थांबली नव्हती. पन्हळ वळवली, चाक करकरलं, डुललं, आणि उभं राहिलं. दरीत शांतता पडली. असं म्हणतात की त्या शांततेनं गावातली झोपलेली सगळी बाळं एकदम जागी झाली, पण एकही रडलं नाही.

ऑडून खडकाला कान लावून उभा राहिला. त्याचा चेहरा बदलला.

"गातायत," तो म्हणाला. "वरच्या कपारीत चढलेत. अंधारात एकमेकांचा पत्ता लागावा म्हणून गातायत."

"अस्लाक आहे त्यात?"

"मला आवाज वेगळे करता येत नाहीत, बाई. पण पाणी चढतंय. ते थांबलं नाही, तर गाणं थांबेल."

"मग थांबवा!"

आता पाणी थांबवायचं म्हणजे काय करायचं? तळं भरलेलं होतं आणि त्याचा तळ फुटला होता. तळं आहे तोवर पाणी येतच राहणार. उपाय एकच होता. तळ्याच्या तोंडाशी, बांधाखाली, खडकाची एक कड होती. तळ्याचा उंबराच म्हणा ना. तो उंबरा सुरुंगानं उडवला, तर सारं तळं दरीत उतरून जाईल. आत येणारं पाणी थांबेल आणि खाणीतलं पाणी निचऱ्याच्या बोगद्यातून ओसरेल. पण मग तळं उरणार नाही. आणि तळं नाही तर थोरली नाही, भट्टी नाही, खाण नाही.

सुरुंगाच्या दारूचं कोठार मालकांच्या माणसाच्या ताब्यात होतं. त्याचं नाव ब्रूक. ब्रूक वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. तो कोठाराच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

तो म्हणाला, "ऑडून, नीट विचार करा. आत माणसं आहेत, मान्य. पण बाहेरही माणसं आहेत. खाण गेली तर हे गाव खाणार काय? दगड? आत अडकलेल्यांची पोरं कुणाच्या दारात उभी करणार तुम्ही?"

ब्रूक खोटं बोलत नव्हता, हे ऑडूनला ठाऊक होतं.

तो म्हणाला, "पुढल्या वर्षीचं मला माहीत नाही, ब्रूकसाहेब. मला आत्ताचं ऐकू येतंय." आणि मग गावाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्या भिंतीमागचं पाणी मी ऐकलं होतं. ऐकलं, आणि माझ्या चाकाचा आवाज आहे म्हणून सोडून दिलं. हे पाणी माझ्यामुळे आत गेलंय. ते मीच बाहेर काढणार."

रागनफ्रिड पुढे झाली आणि तिनं ब्रूकपुढे हात पसरला. ब्रूकनं तिच्या त्या भुकटीनं माखलेल्या तळव्याकडे पाहिलं. मग किल्ली खाली पडल्याचा आवाज आला.

"मी दिली नाही," ब्रूक म्हणाला. "माझ्या हातून पडली."

मग गाव कामाला लागलं. ओढ्याकाठच्या घरांतून म्हातारी माणसं, गाई, शेळ्या, पाळणे, सगळं उतारावर वर नेलं. बायकांनी दारूची पिंपं पाठीवरून वाहून नेली. ऑडूननं उंबऱ्यात भोकं पाडली, दारू ठासली, आणि सगळ्यांना दूर पाठवून एकटा मागे राहिला. एकीकडे त्याचं घर होतं, दुसरीकडे थोरली होती, आणि मधे तो. असं म्हणतात की वातीला विस्तव लावण्याआधी तो चाकापाशी गेला, त्याच्या ओल्या लाकडावर हात ठेवला आणि काहीतरी बोलला. काय बोलला, हे कुणाला ठाऊक नाही.

मग डोंगर हलला.

ज्यांनी पाहिलं ते सांगत, की तळं लगेच गेलं नाही. ते आधी उठून उभं राहिलं, दोन डोंगरांच्या मधे, हिरवं काचेसारखं, आणि त्यानं एकदा गावाकडे पाहिलं. मग ते निघालं. बांध गेला, ऑडूनचं घर गेलं, भट्टी गेली, पूल गेला. थोरली आसावरून निखळली, पण पडली नाही. उभीच्या उभी, फिरत फिरत, पाण्याच्या पुढे धावत दरी उतरून गेली. असं म्हणतात की ती थेट समुद्रात शिरली आणि अजूनही तिथेच फिरतेय. त्या बाजूच्या कोळ्यांची होडी एखाद्या भोवऱ्यात सापडली, तर ते म्हणतात, "थोरलीनं धरलं."

ऑडून एका झाडाला लटकलेला सापडला. अंगावर कोट नव्हता, पण जीव होता. खाली उतरवल्याबरोबर तो खाणीच्या दाराकडे धावला.

पाणी ओसरत होतं. आधी दाराच्या कमानीवरची ओल दिसली, मग भिंती दिसल्या, मग चिखल. आणि मग आतून गाणं ऐकू आलं. आता ते सगळ्यांना ऐकू आलं. बेसूर, घोगरं, पण गाणं. एकेक माणूस चिखलाच्या मूर्तीसारखा बाहेर यायला लागला. बायका पुढे होऊन शालीच्या टोकानं तोंडं पुसायच्या, आणि आपला आहे की दुसरीचा, हे तेव्हा कळायचं. दुसरीचा निघाला तरी मिठी मारायच्या.

रागनफ्रिडनं शेवटच्या माणसापर्यंत वाट पाहिली. शेवटचा माणूस तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. तो म्हणाला, "गाणं त्यानंच सुरू केलं, वहिनी. आम्हाला एकेकाला ओढून कपारीत चढवलं. मग खाली कुणाचा तरी आवाज आल्यासारखं त्याला वाटलं, आणि तो उतरला. खाली कुणी नव्हतं."

अस्लाक दुसऱ्या दिवशी सापडला. त्याला देवळामागे पुरलं. गोठलेली जमीन फोडायला त्यानं वाचवलेली सगळी माणसं आली होती.

ऑडूनला शहरात बोलावणं आलं. मोठ्या टेबलामागे बसलेल्या माणसांनी त्याला विचारलं, खाण का बुडवलीस? त्यानं खरं ते सांगितलं. त्याचा हुद्दा काढून घेतला, राजाचा शिक्का काढून घेतला, आणि यापुढे देशातल्या कुठल्याही खाणीत पाऊल ठेवायचं नाही, असा हुकूम झाला. हिवाळा त्यानं कुठे काढला, ते ठाऊक नाही. कुणी म्हणतात बंदरात ओझी वाहिली, कुणी म्हणतात काहीच केलं नाही.

बर्फ वितळताना तो ग्रोडालला आला. राहायला नाही, अस्लाकच्या कबरीपाशी जायला. गाव अर्धं रिकामं झालं होतं. तरुण माणसं दुसऱ्या खाणींकडे निघून गेली होती. आणि वर, जिथे तळं होतं तिथे, काळ्या चिखलाची एक दलदल पसरली होती. तिचा वास दरीत भरला होता.

कबरीपाशी रागनफ्रिड होती. ऑडून टोपी काढून लांब उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "बाई, मी माफी मागायला आलोय. मागतो आणि जातो."

ती वळली. तिचा चेहरा हिवाळ्यात वाळला होता.

"कुठे जातोस?" ती म्हणाली. आजवर ती त्याला 'तुम्ही' म्हणायची. आता साहेब उरला नव्हता आणि चाकही उरलं नव्हतं, समोर वितळत्या बर्फातून आलेला एक ओला माणूस उभा होता. "आमचं तळं सोडलंस, ऑडून. त्याच्या जागी चिखल ठेवलास. अर्धं काम टाकून कुठे चाललास?"

"मी काय करू शकतो आता?"

"ते मला काय विचारतोस? तुला पाण्याचं कळतं. या चिखलात अजून पाणी बसलंय. काढ ते." मग ती म्हणाली, "माफीबिफी मला देता येणार नाही. आज तर नाहीच. पण फावडं आहे अस्लाकचं. ते देते."

तिनं दिलं. ऑडूननं घेतलं.

तो दलदलीत उतरला आणि पहिल्यांदा आला होता त्या दिवसासारखा चिखलात आडवा झाला. आता दरीत कुठलंही चाक फिरत नव्हतं. चिखलाखालचं पाणी त्याला असं स्पष्ट ऐकू आलं, जसं शेजारच्या खोलीतलं बोलणं. कुठून येतंय, कुठे अडलंय, कुठे जायचं म्हणतंय. त्यानं भूर्जाच्या फांद्या रोवून चरांच्या वाटा आखल्या आणि खणायला लागला. एकटाच. काही दिवसांनी रागनफ्रिड खणायला आली. मग खाणीतून वाचलेले आले. मग ज्यांनी त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं तेही आले, आणि न बोलता खणत राहिले.

उन्हाळ्यात चिखल वाळला आणि त्याची भेगाळलेली, काळीभोर, लोण्यासारखी जमीन झाली. हजारो वर्षं तळ्यानं तळाशी जपून ठेवलेली माती! अशी माती ग्रोडालनं जन्मात पाहिली नव्हती. पुढच्या वसंतात पेरायला जव हवे होते. एके सकाळी गावाच्या वेशीवर बियाण्याची पोती येऊन पडलेली दिसली. कुणी पाठवली, ते कुणी सांगितलं नाही. पण तोवर शहरात परत गेलेल्या ब्रूककडे एक पांढरा घोडा होता, आणि पोत्यांना पांढरे केस चिकटले होते.

असं म्हणतात की त्या वर्षी जव असे वाढले की त्यात शिरलेली गाय गळ्यातल्या घंटेवरून शोधावी लागली. कणसं इतकी जड झाली की वारा सुटला तरी शेत हलेना. धान्याच्या होडीची वाट न बघता ग्रोडालनं पहिल्यांदा आपल्या जमिनीतली भाकरी खाल्ली. गेलेली माणसं हळूहळू परत आली. डोंगराच्या दाराकडे मग कुणी फिरकलं नाही.

ऑडून त्या शेतांच्या कडेला लहानशा लाकडी खोलीत राहिला आणि म्हातारा झाला. कुणी त्याला पुन्हा साहेब म्हटलं नाही, आणि त्यानं ते कधी मागितलं नाही. रागनफ्रिडनं त्याला माफ केलं की नाही, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण भाकऱ्या भाजायच्या दिवशी ती त्याच्या दाराशी एक चवड ठेवून जायची. आणि तो गेला, तेव्हा ती स्वतः खूप म्हातारी होती, तरी कुठे पुरायचं ते तिनंच सांगितलं. ती म्हणाली, "अस्लाकच्या शेजारी. दोघांना बोलायचं असेल."

आजही ग्रोडालला वसंतात जमीन मोकळी झाली की एक दिवस ठरतो. त्या दिवशी शाळा बंद, दुकानं बंद. सगळं गाव फावडी घेऊन शेतांवर जातं आणि हिवाळ्यात बुजलेले चर साफ करतं. धर्मगुरू असो, डॉक्टर असो, नाही तर आदल्या आठवड्यात राहायला आलेला परका असो, त्या दिवशी कुणी कुणाला साहेब म्हणत नाही, सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. काम अर्धं टाकून कुणी घरी जात नाही. शेवटच्या चराच्या तोंडाशी मातीचं एक ढेकूळ मुद्दाम ठेवलेलं असतं. ते गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईनं फावड्यानं काढायचं. ती ते काढते आणि मोठ्यानं हाक मारते, "ऑडून, सोडलं रे!"

आणि चिखलानं माखलेलं सगळं गाव कंबरेवर हात ठेवून उभं राहतं आणि पाणी उताराला लागलेलं बघतं.